पेटीचं टोपडं

४ फेब्रुवारी

आज वर्गात माझं पुरतं हसं झालं. शर्टाची बाही खांद्याला कशी बसवायची ते दाखवत होते. टाचण्या लावून झाल्या, आता शिवण घालणार, तेवढ्यात चित्र थिजलं. माझं तोंड उघडं, हातात कापड, आणि मध्ये ते गोल गोल फिरणारं चक्र. परत जोडले गेले तोवर एकीने बाही उलटी शिवून टाकली होती, मनगट खांद्याला. वर म्हणते, "मॅडम, तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं बरोबर चाललंय."

कारखान्यातला कटिंगचा विभाग बंद झाला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं होतं, मी घरबसल्या इंटरनेटवर शिवण शिकवीन म्हणून. आमचं घर उताराच्या तळाशी, समोर पाण्याची भलीमोठी टाकी, तारेचं इंटरनेट या गल्लीत अजून आलेलं नाही आणि मोबाइलची रेंज एकाच कंपनीची, तीही रडतखडत. एवढं सगळं ठाऊक असून तोरा काही कमी नव्हता.

हे म्हणाले, "बाहेर अँटेना लावू." आणि पेपरात तोंड खुपसलं. म्हणजे मलाच बघायला हवं.

८ फेब्रुवारी

अँटेनाचं खोकं आलं. बाहेर लावायचा एक पांढरा अँटेना, घरात लावायचा एक छोटा, आणि दोघांच्या मध्ये जोडायची एक पेटी. बाहेरचा रेंज पकडणार, पेटी ती वाढवणार, आतला ती घरात सोडणार. मला तर कळलं बाई.

वायरमन येऊन बघून गेला. म्हणाला, "बाहेरचा गच्चीवर घ्यावा लागेल, ताई. आतला इथे खाली. दोघांत अंतर पाहिजे भरपूर, मध्ये स्लॅब पाहिजे. ही केबल काय पुरायची नाही. मी शनिवारी लांब केबल घेऊन येतो."

माझा वर्ग बुधवारी आहे. शनिवारी केबल येऊन मी काय तिची माळ घालू?

१० फेब्रुवारी

मीच लावला! बाहेरचा अँटेना बाल्कनीतल्या कपडे वाळवायच्या दांडीला जाड इलॅस्टिकने करकचून बांधला. आतला त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला खिळ्यावर टांगला. अंतर पाहिजे म्हणे. एवढी जाडजूड भिंत आहे मध्ये, अंतर अंतर ते काय असतं? पेटीचा प्लग खोचला आणि फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या राहिल्या. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

एकच कटकट. पेटीवरचा लाल दिवा सारखा लुकलुकतो. कॅमेऱ्यात बरोबर माझ्या कानामागे दिसतो. मग उरलेल्या जाड कापडाचं पेटीला छान झाकण शिवलं, खाली इलॅस्टिक, वर चुण्या. सासूबाई आतून येऊन बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टोपडं घातलंस होय गं तिला?"

मामंजी गेल्यावर आम्ही त्यांना इकडे आणलं, त्याला आता वर्ष होईल. आपणहून एवढं लांब वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या असतील. विचारलं तर "हो", "नको", "ठेव तिथे". बाकी दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून असतात. मला त्यांचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटून घ्यायचा कंटाळाही येतो. इथे खरं लिहायला हरकत नाही.

११ फेब्रुवारी

वर्ग लोण्यासारखा झाला. एकदाही अडकला नाही. सगळ्यांच्या बाह्या जागच्या जागी. वायरमनला फोन करून सांगितलं, राहू द्या, काम झालं. तो "बघा हां ताई" म्हणाला. ह्या लोकांना बायकांनी केलेलं काम पटतच नाही.

१६ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरचे काका आले. त्यांची रेंज चार-पाच दिवस झाले पार गेली आहे म्हणे. आधी निदान खिडकीत उभं राहिलं की मिळायची. "कंपनीने घोळ घातलाय. तुमच्याकडे चालतंय असं ऐकलं." आमच्याकडे हॉलमध्ये बसून त्यांनी बातम्या बघितल्या, मुलाशी बोलले, चहा झाला. ते जातात न जातात तोच समोरच्या घरातली कॉलेजची मुलगी आली. तिला व्याख्यानं उतरवून घ्यायची होती.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग आत जाऊन स्वतःची खुर्ची घेऊन आल्या.

मी ह्यांना म्हटलं, "बघा, आपण वेळेवर अँटेना लावला. नाहीतर आपलीही हीच गत झाली असती."

२२ फेब्रुवारी

घर आहे की टपाल कचेरी! सकाळपासून ये-जा. आणि सासूबाईंचा दरबार काय वर्णावा. कोण आधी आलं, कोणाला किती वेळ झाला, सगळं त्यांच्या ध्यानात. काकांना म्हणाल्या, "तुमच्या बातम्या काही पळून जात नाहीत, आधी त्या पोरीला बसू द्या." काका निमूट उठले! कॉलेजातली मुलगी त्यांना मैत्रिणींचे फोटो दाखवते आणि त्या एकेकीला नावं ठेवतात. काल त्यांचं हसू ऐकून हे स्वयंपाकघरातून बाहेर आले, हातात चमचा तसाच. मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

दुपारी कोणी नसताना बघितलं तर आई पेटीपाशी वाकलेल्या. मी म्हटलं, "अहो आई, वायर निघेल, हात नका लावू." तर दचकून सरळ झाल्या. "धूळ पुसत होते." आता खुर्चीसुद्धा पेटीला चिकटून ठेवतात. मी कपड्याच्या धक्क्याने प्लग हलेल म्हणून पेटी दुसरीकडे ठेवू म्हटलं, तर एकदम म्हणाल्या, "तिला कोणी हलवू नका." म्हातारपणी माणसाला कशाचाही लळा लागतो.

२६ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या सिस्टर आज वळणावर दिसल्या, बेकरीच्या पायरीवर, फोन धरलेला हात उंच करून. घरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी एक संस्था आहे, तिच्यात त्या काम करतात. संध्याकाळी घरी असल्या तरी अडीअडचणीचे फोन त्यांना येतात. रेंज नाही म्हणून येता-जाता तिथे जाऊन उभ्या राहत असणार.

सगळी गल्ली आमच्याकडे येते, त्या मात्र येत नाहीत. जीव गेला तरी आमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाहीत. मागे एकदा वर येऊन म्हणाल्या होत्या की मशीनखाली रबर घाला, मला ड्यूटीनंतर झोप मिळत नाही. मी म्हटलं होतं, "तुम्ही कानात कापूस घाला." तेव्हापासून जिन्यात भेटल्या तरी भिंतीकडे बघतात.

आज मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, गरज असेल तर येतील की. मी काय नाही म्हणणार आहे?

४ मार्च

काका सांगत आले. सिस्टरच्या एका पेशंटचा, एका आजोबांचा, परवा संध्याकाळी न्हाणीघरात पाय घसरला. आजी एकट्या. त्यांनी सिस्टरना फोन लावला, परत लावला, परत लावला. फोन बंद. आजोबांना उचलणं त्यांना शक्य नव्हतं, ओल्या फरशीवर ते तसेच पडून राहिले, शेजारी कामावरून परत येईपर्यंत. खुब्याचं हाड मोडलं आहे. इस्पितळात आहेत.

सिस्टर घरीच होत्या. म्हणतात, फोन चालू होता, वाजलाच नाही. संस्थेने विश्वास ठेवला नाही. कंपनी म्हणते टॉवर ठणठणीत आहे. मग संस्थेचं म्हणणं, तुम्हीच फोन बंद करून झोपला असणार. कामावरून काढलं त्यांना.

"या कंपनीवाल्यांना पाप लागेल," काका म्हणाले. मी जोरात मान हलवली. आई उठून आत गेल्या आणि जेवायलाही बाहेर आल्या नाहीत.

९ मार्च

हे मला लिहायचं नाही. पण दुसऱ्या कोणाला सांगू?

सकाळी इस्त्री करायची होती. नेहमीचं सॉकेट जळालं आहे, म्हणून पेटीचा प्लग काढून तिथे इस्त्री लावली. पहिली बाही इस्त्री करून होतेय तोच वरून काकांचा फोन टिंग टिंग करायला लागला. थांबेचना. मग जिन्यात कोणाचा तरी. मग समोरच्या घरातून. मग खाली सिस्टरच्या घरात एक लांब घंटी वाजली. सगळी इमारत जागी झाल्यासारखी वाजत होती आणि काका वरून ओरडले, "आली! आली!"

मी इस्त्री काढली, पेटी लावली. थोड्या वेळाने काका म्हणाले, "गेली परत."

पुन्हा काढली. आली. पुन्हा लावली. गेली.

शर्टाची बाही जळली होती. वास येईपर्यंत मला कळलंच नाही.

टोपडं काढलं. लाल दिवा डोळे मिचकावत होता. पहिल्या दिवसापासून तो काहीतरी सांगत होता आणि मी त्याला चुण्या घालून गप्प केलं. प्लग काढून ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले.

१० मार्च

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू काय मुद्दाम केलंस का?"

"नाही."

"मग झालं तर. वायरमनला बोलावू, नीट लावून घेऊ. सगळ्यांची रेंज येईल. उगीच गावभर बोभाटा कशाला? आत्ता कुठे वर्गात माणसं वाढतायत."

"आणि सिस्टर?"

"त्यांना मिळेल दुसरं काम."

हे वाईट नाहीत. मला जे ऐकायचं होतं तेच बोलले, म्हणून तर राग आला.

१२ मार्च

वायरमनने अँटेना गच्चीवर नेला, टाकीच्या वरून तोंड करून. लांब केबल टाकली. म्हणाला, "माइक स्पीकरसमोर धरला की कशी शिट्टी बसते? तसं चाललं होतं हे. बाहेरच्याला आतल्याचंच ऐकू येत होतं, आणि पेटी ते वाढवून टॉवरच्या कानात बोंबलत होती. मग टॉवरला बाकीच्यांचं काय ऐकू येणार?" टोपडं बोटावर फिरवून बघितलं. "हे कोणी घातलं?"

"थंडी वाजत होती तिला," मी म्हटलं. तो हसला. मला रडू आवरत नव्हतं म्हणून आत जाऊन पाणी आणलं.

आता दिवा हिरवा आहे. माझी रेंज तशीच, गल्लीचीही परत आली. कोणालाही काही कळलेलं नाही. इतकं सोपं असायला नको होतं.

१५ मार्च

आई रोज सकाळी खुर्च्या मांडतात. कोणी येत नाही. कशाला येतील? काका जिन्यातून जाता जाता "बरं आहे ना वहिनी?" म्हणतात, तेवढंच. दुपारी आई खुर्च्या भिंतीला लावतात आणि स्वतःची आत नेतात.

दार वाजलं म्हणून आई लगबगीने उठल्या. दारात सिस्टर. हातात त्यांचा पांढरा कोट, घडी घातलेला. आई त्यांच्याकडे बघून तशाच आत वळल्या.

"तुम्ही मापात बसवून देता ना?" सिस्टर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलत होत्या. "कापड चांगलं आहे. भाचीला ह्याचा फ्रॉक होईल. मला आता लागणार नाही."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी काय बोलले असेन? "किती वर्षांची आहे भाची?"

१८ मार्च

कोट टेबलावर पसरला. खडूने खुणा केल्या. कात्री हातात घेतली. एवढी वर्षं कारखान्यात थरावर थर कापले, कात्री कधी अडली नाही. कोटाच्या खिशाच्या कडेला पेनाची निळी शाई लागलेली आहे, धुवून धुवून फिकी झालेली. कॉलर आतून घासून पातळ झाली आहे. मी कात्री ठेवली, वर्ग घेतला, परत उचलली, परत ठेवली. ज्या बाईची नोकरी मी घालवली तिचा गणवेशही मीच फाडणार, आणि वर तिने मला धन्यवाद म्हणायचं.

ब्रशने खडू झाडून टाकला.

२० मार्च

संध्याकाळी ठरवलं, आता जायचंच. पेटी जुन्या खोक्यात घातली (ह्यांना सांगितलं, वर्ग बुडाला तर बुडू दे), टोपडं मुठीत घेतलं आणि खाली गेले. दार उघडंच होतं. आत बघते तर सिस्टरसमोर स्टुलावर आई! जिना उतरायला ज्यांना माझा हात लागतो त्या एकट्या उतरून आलेल्या, आणि बोलत होत्या.

"पेटी माझी. मीच लावायला सांगितली. तो दिवा झाकला तोही मीच, टोपडं मी शिवलं. माझ्या सुनेला ह्यातलं काही ठाऊक नाही. काय बोलायचं ते मला बोला."

मी दारातच उभी. एक क्षण, खोटं कशाला लिहू, एक क्षण वाटलं की मागच्या मागे वर जावं. म्हातारीला कोण काय बोलणार आहे?

मग म्हटलं, "आई, तुमच्या सुईत दोरा मी ओवून देते. तुम्ही चुण्या कधी घालायला लागलात?"

आईंनी मान खाली घातली. मी टोपडं सिस्टरच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. वायरमनने सांगितलेलं अंतर, दांडीला बांधलेला अँटेना, इस्त्री, आणि बेकरीच्या पायरीवर त्या दिसल्या तेव्हा हाक न मारता पुढे गेले तेही. मी बोलत असताना त्या टोपड्याचं इलॅस्टिक ताणत होत्या आणि सोडत होत्या.

"ती दिवा दिसू नये म्हणून शिवून मोकळी झाली," आई मध्येच म्हणाल्या. "मला मात्र कळलं होतं. धूळ पुसताना वायर निघाली आणि वर काकांचा फोन वाजला. मी ती परत खोचली."

"आई!"

"घरात माणसं येत होती गं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून सगळं ठाऊक असलेली ती बाई माझ्या शेजारी बसून होती, आणि मी तिला पेटीचा लळा लागलाय असं समजत होते. तिला माणसांची केवढी भूक होती हे मला वर्षभर दिसलं नाही. तो दिवाही मी झाकूनच ठेवला होता म्हणायचा.

सिस्टर रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "त्यांचं ऑपरेशन झालंय. आता काठीशिवाय चालणार नाहीत ते." मग जरा वेळाने, "कोट कापलात?"

"नाही."

"मग इस्त्री करून द्या. सोमवारी मी संस्थेत जाणार आहे. तुम्ही बरोबर यायचं. पेटी घेऊन."

२३ मार्च

संस्थेच्या ऑफिसात सिस्टरनी कोट घातला होता, मी खुर्चीच्या टोकाला बसले होते, पेटी मांडीवर. प्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं, वायरमनशी फोनवर बोलल्या. मग मला म्हणाल्या, "हे त्या आजींना कोण सांगणार?"

मीच. इस्पितळ जवळच होतं. आजोबा झोपले होते, तोंड किंचित उघडं. आजींना मी बाहेरच्या बाकावर सांगितलं. वाटलं होतं थोबाडीत मारतील. आपल्याला नीट समजतंय ना, ते त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे सिस्टरनी फोन बंद करून ठेवला नव्हता?"

"नाही. तो लागतच नव्हता. माझ्यामुळे."

त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. "मला वाटलं, ती आम्हाला कंटाळली. ह्यांच्या पडण्यापेक्षा तेच फार लागलं होतं हो." आणि उठून सिस्टरच्या गळ्यात पडल्या. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी पेटी धरून उभी राहिले.

सिस्टर उद्यापासून परत कामावर. आजोबांचा खुबा मात्र परत येणार नाही. हे मी इथे रोज लिहिलं तरी कमीच.

२९ मार्च

काल मी जिन्यातल्या सगळ्यांना बोलावून सांगून टाकलं. काका घसा खाकरून निघून गेले. कॉलेजची मुलगी थांबली. आज ती परत आली, रेंज असूनही. आईंना कोणाचे तरी नवे फोटो दाखवायचे होते. मी पेटी परत जागेवर लावली, दिवा हिरवा बघून घेतला, आणि मशीनखाली रबर घातलं.

संध्याकाळी सिस्टर आल्या. आईंनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच म्हणाल्या, "तुमचा नंबर द्या."

"माझा?"

"संस्थेने विचारलंय, माझा फोन लागला नाही तर दुसरा कोणाचा नंबर द्यायचा. इमारतीत तुमचीच रेंज सगळ्यात चांगली." नंबर उतरवून घेतला. "फोन आला तर मला खाली येऊन सांगायचं. कधीही."

"कधीही," मी म्हटलं.

त्या गेल्यावर आई म्हणाल्या, "आता तो फोन न्हाणीघरातसुद्धा घेऊन जा." मी तो केव्हाच घेऊन जायला लागले होते.

१ एप्रिल

वर्गात कॉलर शिकवत होते. टोक बाहेर काढायची वेळ, सगळ्यांच्या नजरा माझ्या बोटांवर, आणि सिस्टरचाच फोन वाजला. कॉलर टाकली, "थांबा" म्हटलं, खुर्ची पाडून उठले. आई आतून धावत आल्या.

"हॅलो? सिस्टर? काय झालं? कोण पडलं?"

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. नुसता श्वास, इतका स्पष्ट की त्या खोलीतच उभ्या आहेत असं वाटावं.

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "लागतोय का बघत होते." आणि फोन ठेवला.